डॉक्टरांचे सत्कार थांबविणेबाबत

गेल्या हिवाळ्यात कोल्हापूरजवळच्या एका नगरपंचायतीच्या दवाखान्यात नव्या डॉक्टर रुजू झाल्या. पुढचे काही आठवडे त्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दवाखान्यात येत होत्या. औषधे आलेली होती. रुग्ण बाकावर बसलेले होते. या काळात एकाही रुग्णावर पूर्ण उपचार झाले नाहीत. डॉक्टरांचा सत्कार सुरू होता.

गावाचे नाव इथे देत नाही. यातली सगळी माणसे हयात आहेत आणि सगळ्यांकडे माझा फोन नंबर आहे.

मी कोल्हापुरातल्या एका दैनिकासाठी नोकरीची बहुतेक वर्षे जिल्ह्यातल्या नगरपालिका आणि ग्रामपंचायतींच्या बातम्या केल्या. बाहेरच्या माणसाला हे काम म्हणजे सभा, ठराव आणि खुर्च्यांची फेकाफेक असे वाटते. प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग निवेदनांचा असतो. नागरिकांना पाणी हवे असते, गटार हवे असते, दवाखाना हवा असतो. ते लिहून आणतात. एक प्रत अधिकाऱ्याला, एक वार्ताहराला, आणि शिक्का मारून घेतलेली एक घरी ठेवायला. फोटोत कागद एक असतो आणि त्याला हात लावलेली माणसे दहा. ज्याचा हात कागदापर्यंत पोचत नाही, तो पुढच्याचे कोपर धरतो. बातमीत सगळ्यांची नावे द्यावी लागतात. एखादे राहिले तर संध्याकाळी फोन येतो. मागणीचे पुढे काय झाले, हे विचारायला सहसा कोणी फोन करत नाही.

आरोग्याच्या निवेदनांत माणसे जास्त कल्पक होतात. एका पालिकेत रहिवाशांनी धूर फवारणीच्या मागणीसोबत पुरावा म्हणून बरणीत डास भरून नेले. आवक लिपिकाने बरणीवर शिक्का मारला, कारण शिक्क्याशिवाय काही आत नेता येत नाही. अधिकारी झाकण उघडू नका म्हणाले. रहिवाशांनी उघडले. दुसऱ्या दिवशी फवारणी झाली, ती त्या कार्यालयात. दुसऱ्या एका गावात शववाहिका मिळावी म्हणून एक कार्यकर्ता तिरडीवर झोपला आणि चौघांनी त्याला पंचायतीत नेले. सरपंच जेवायला गेले होते. वाट पाहता पाहता तिरडीवरच्या माणसाला खरोखर झोप लागली. कोणीतरी तिरडी पाहून त्याच्या सासुरवाडीला फोन केला होता. सासरची मंडळी टेम्पो करून आली आणि त्यांनी दारातूनच रडायला सुरुवात केली. त्याला उठवण्यात आले तेव्हा सासऱ्यांनी आधी त्याला मिठी मारली आणि नंतर कानाखाली दिली.

सत्काराचे प्रकरण यापेक्षा लांब चालले.

त्या गावात दवाखाना होता, डॉक्टर नव्हते. आधीचे डॉक्टर निवृत्त झाल्यावर जागा भरली गेली नाही. कंपाउंडर सकाळी दहाला कुलूप काढत आणि एकला लावत. मधल्या वेळात ते आलेल्यांचा रक्तदाब मोजत. आकडा सांगत नसत, कारण तो सांगायचा अधिकार डॉक्टरांचा होता.

गावात दोन तालमी आहेत, वरची आणि खालची. कुस्ती दोन्हीकडे आता कमी आहे. गणपती, क्रिकेट, निवडणूक आणि आंदोलन मात्र तालमीच्याच नावाने होते. वरच्या तालमीचे अध्यक्ष बापू हे दवाखाना बचाव कृती समितीचेही अध्यक्ष होते. समितीने मोर्चा काढला, घंटानाद केला, नगरपंचायतीच्या दारात शंख केला. डॉक्टर आले नाहीत.

ते आले आक्काताईंमुळे. आक्काताई साठीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, दोन म्हशी सांभाळणाऱ्या बाई. साखरेचा जुना आजार. त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर म्हशीचा पाय पडला आणि जखम भरेना. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले होते: एक दिवसाआड स्वच्छ ड्रेसिंग झाले तर अंगठा वाचेल, नाही झाले तर काढावा लागेल, आणि तरीही हयगय झाली तर पाय. राजारामपुरीला जायचे म्हणजे रिक्षा, मग बस, मग त्या दवाखान्याचा जिना. एक दिवसाआड ते जमणारे नव्हते. जमेल तेव्हा शेजारचे बशीरभाई त्यांना घेऊन जात. बशीरभाई शिंपी आहेत, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते फेटे बांधण्यासाठी. लग्न, मिरवणूक, सत्कार, कुठलाही कार्यक्रम असला तरी फेटा बशीरभाईंच्या हातचा.

एका सकाळी आक्काताईंनी नगरपंचायतीच्या दारात खुर्ची टाकली, समोर स्टूल ठेवले आणि त्यावर पट्टी बांधलेला पाय ठेवला. दार अरुंद होते. आत जायचे तर पाय ओलांडावा लागत होता. वयस्कर बाईचा दुखरा पाय ओलांडायला गावातला एकही माणूस तयार झाला नाही. मुख्याधिकारी बाहेरगावचे होते, पण त्यांचेही धाडस झाले नाही.

"आजी, जरा पाय बाजूला घेता का?" त्यांनी विचारले.

"घेतो की. डाक्टर आणा, लगेच घेतो."

"मागणी वर पाठवलीय आम्ही."

"मग मीबी पाय वर ठेवलाय. तिकडनं उत्तर आलं की खाली घेतो."

मागच्या बाजूला एक दार होते, ते स्वच्छतागृहाच्या बोळातून उघडत असे. नगराध्यक्षांपासून शिपायापर्यंत सगळे त्या बोळातून ये-जा करू लागले. घरपट्टी भरायला येणाऱ्यांनी बोळाचा वास घेतला आणि ते परत गेले. वसुली थांबली. महिनाअखेरीच्या आत मानधनावर डॉक्टर नेमण्यात आले.

डॉ. मृणाल यांची ही पहिलीच नेमणूक होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते एक.

पहिल्या सोमवारी बापूंनी त्यांना वेशीवरच अडवले. फुलांनी सजवलेली उघडी जीप होती, हलगी होती. बशीरभाईंनी डॉक्टरांना फेटा बांधला. त्यांना सोडायला आलेल्या वडिलांनाही बांधला.

"दहाला ओपीडी आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"ओपीडी रोजचीच हाय मॅडम. मिरवणूक एकदाच असत्या," बापू म्हणाले. "तुमी नुस्त्या हात जोडून हुब्या ऱ्हावा. बाकीचं आमी बघतो."

त्या दिवशी कुलूप लवकर निघाले होते आणि आक्काताई दवाखान्याच्या बाकावर साडेनऊपासून बसल्या होत्या. हलगीचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. थोड्या वेळाने बशीरभाई घाम पुसत आत आले.

"आली बघा तुमची डाक्टरीण."

"बघितली की खिडकीतनं. वेशीकडनं आली आणि देवळाकडं गेली. हिकडं कवा येणार?"

"वरच्या तालमीचा नारळ झाला की येत्या."

"बशीर, माझा अंगठा नारळासाठी थांबायचा न्हाय."

"ते खरं हाय. पण आक्काताई, फेटा काय बसलाय म्हणून सांगू! डोकं लहान असून बसलाय."

डॉक्टर एकच्या सुमाराला पोचल्या. त्यांनी फेट्यासह पाय पाहिला आणि ड्रेसिंगचे सामान मागितले. सामानाच्या कपाटाची किल्ली कंपाउंडरांकडे होती. कंपाउंडर हलगी वाजवत होते आणि हलगी तालमीत जेवायला गेली होती. डॉक्टरांनी पर्समधल्या रुमालाने पट्टी कशीबशी नीट केली. "परवा नक्की करू," त्या म्हणाल्या.

परवा, म्हणजे बुधवारी, खालच्या तालमीचा सत्कार होता. खालच्या तालमीचे अध्यक्ष तात्या यांनी जीपला उत्तर म्हणून घोडा आणला. डॉक्टरांनी घोड्यावर बसायला नकार दिला. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी घोड्याला फेटा बांधून पुढे चालवण्यात आले आणि डॉक्टर मागून चालत आल्या. रस्त्यात लोकांनी आधी घोड्याला हार घातले.

शुक्रवारी नगरपंचायतीचा सत्कार झाला. डॉक्टर ज्यांनी नेमल्या त्यांचाच सत्कार मागे राहिला, अशी टीका होऊ लागली होती.

आमच्या भागातला सत्कार बाहेरच्यांना समजावून सांगायला हवा. फेटा, शाल, नारळ, गुच्छ, सन्मानचिन्ह, फोटो, मनोगत असा त्याचा क्रम असतो. तो आनंदासाठी सुरू होतो, पण एकाने केला की दुसऱ्याला करावाच लागतो. न करणारा विरोधक ठरतो. दोन्ही तालमींनी डॉक्टरांचा सत्कार केल्यावर पतसंस्था, बचत गट, रिक्षा संघटना आणि गणपती मंडळे गप्प बसली असती, तर त्यांना दवाखाना नको आहे असा अर्थ निघाला असता. म्हणून सगळ्यांनी तारखा घेतल्या. सत्कार करायचा तर डॉक्टर हजर हव्यात आणि डॉक्टर हजर असत फक्त सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, दहा ते एक. प्रत्येक सत्काराची बातमी आमच्याकडे येत होती आणि छापली जात होती.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी वेगळा मार्ग काढायचा प्रयत्न केला. सत्कार होत राहील, आपण काम करत राहू, असे त्यांनी ठरवले. त्या दिवशी मी तिथे होतो. पतसंस्थेचे संचालक ओळीने उभे होते. डॉक्टर फेटा बांधलेल्या अवस्थेत आक्काताईंच्या पायाशी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी पट्टी सोडली. जखम धुऊन झाली.

"मॅडम, जरा हिकडं बघा," फोटोग्राफर म्हणाला. मग त्याने कॅमेरा खाली घेतला. "ह्यात पाय येतोय."

"पाय आणि कुठं ठेवू? घरी ठेवून यीव का?" आक्काताई म्हणाल्या.

"फोटो पेपरात जायचा हाय आज्जी. जखम बरी दिसायची न्हाय."

एका संचालकांनी समयसूचकता दाखवली. डॉक्टरांसाठी आणलेली शाल उलगडून त्यांनी आक्काताईंच्या पायावर घातली. फोटो झाला. शाल काढली तेव्हा तिचे लोकरीचे धागे जखमेला चिकटले होते. डॉक्टरांनी ते चिमट्याने एकेक करून काढायला घेतले. तोपर्यंत बचत गटाच्या महिला ओवाळायला ताट घेऊन आत आल्या होत्या. निरांजन पेटलेले होते आणि डॉक्टरांच्या हातात स्पिरिटचा बोळा होता. कंपाउंडर ओरडले. डॉक्टरांना उठावे लागले.

औक्षण झाल्यावर त्या परत येऊन बसल्या आणि त्यांनी पाय उजेडाकडे वळवला.

"आक्का, रंग बदललाय अंगठ्याचा."

"मला दिसतोय की. माझाच हाय."

त्याच दुपारी डॉक्टर आणि आक्काताई निवेदन घेऊन नगरपंचायतीत गेल्या. विषय होता, डॉक्टरांचे सत्कार थांबविणेबाबत. इतक्या वर्षांत अमुक द्या म्हणणारी निवेदने मी पोत्याने पाहिली होती. मिळत असलेले बंद करा, असे म्हणणारे हे पहिलेच. आवक लिपिकासमोरही पेच होता. आरोग्य, पाणीपुरवठा, बांधकाम यांपैकी कुठल्याच विभागात ते बसेना. विचार करून त्याने ते अतिक्रमण विभागाकडे पाठवले.

विषय पुढच्या सर्वसाधारण सभेत आला. सभागृह भरले होते. खालच्या बाजूचे एक सदस्य प्रथम उठले.

"सत्कार बंद केला तर पावण्यांनी गावाला काय म्हणायचं? माणसं हाईत का जनावरं?"

"आमच्या प्रभागाचा सत्कार अजून व्हायचा हाय," दुसरे म्हणाले. "बंद करायचा तर आमचा झाल्यावर करा. शाल आणून ठेवलीया."

"पेशंटांचाच सत्कार करूया की," तिसऱ्यांनी सुचवले. "म्हंजे तेस्नीबी वाईट वाटायचं न्हाय."

यावर चर्चा होऊन पेशंट कोणाला म्हणावे, नुसता ताप असलेल्याला शाल द्यावी की गुच्छावर भागवावे, असा मुद्दा निघाला. प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही. आक्काताई बोलल्या.

"अवो, मी इचारतो, ह्यो अंगठा बघितलाय का कुणी?" त्यांनी पाय पुढच्या बाकावर ठेवला. पट्टी सैल झाली होती. "ह्येचाबी सत्कार करून घ्या. चाललाय त्यो."

नगराध्यक्षांनी ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. दवाखान्यात यापुढे कोणाचाही सत्कार होणार नव्हता. लगेच दुसरा ठराव झाला: इतका महत्त्वाचा विषय सभागृहाच्या निदर्शनास आणून दिल्याबद्दल डॉ. मृणाल यांचे अभिनंदन. अभिनंदन म्हटल्यावर शाल आणि नारळ आले. आक्काताईंनाही धाडसाबद्दल शाल मिळाली. बशीरभाई फेटे घेऊन बाहेरच उभे होते. त्यांना सकाळीच निरोप गेला होता.

ठरावात 'दवाखान्यात' असा शब्द होता. पुढच्या ओपीडीच्या दिवशी गणपती मंडळाने सत्कार फाटकाबाहेर ठेवला आणि डॉक्टरांना बाहेर बोलावून घेतले.

त्याच आठवड्यात आक्काताईंना ताप भरला. बशीरभाईंनी त्यांना कोल्हापूरला दवाखान्यात दाखल केले. अंगठा काढण्यात आला. याची बातमी झाली नाही. ती व्हावी असे निवेदन कोणी दिले नव्हते.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितले. आता टाक्यांची जखम होती, ड्रेसिंग एक दिवसाआड, आणि या वेळी चुकले तर पाय घोट्यातून जाणार होता.

बापू त्यांना भेटायला आले. सोबत नारळ होता. त्यानंतरचे संभाषण मला दोघांनी स्वतंत्रपणे सांगितले आणि दोन्ही कथने तंतोतंत जुळतात.

"बापू, चुकतंय तुमचं," आक्काताई म्हणाल्या. "त्या पोरीला मान घ्यायची सवय हाय का? मान घ्यायला मानाचा माणूस लागतो."

"मग काय करावं म्हंता?"

"तिच्या वतीनं तू घे की."

"तसं चालतंय व्हय?"

"न चालायला काय झालं? पूर्वी नवरा लढाईवर असला तर तलवारीसंगं लगीन लावायचे. तू काय तलवारीपरास कमी हाईस?"

बापूंनी एक दिवस विचार केला. मग ते मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. मुख्याधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे लेखी आदेश काढला. ओपीडीच्या वेळेत येणारे सर्व सत्कार डॉक्टरांच्या वतीने बापू दवाखान्याच्या व्हरांड्यात स्वीकारतील. ठरावापुरता व्हरांडा दवाखान्याबाहेर समजावा. डॉक्टरांना उठवण्यात येऊ नये.

सोमवारी बापू इस्त्रीचे कपडे घालून पावणेदहालाच व्हरांड्यात येऊन बसले. रिक्षा संघटनेने त्यांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मनोगतात बापू म्हणाले, "या गावात रुजू झाल्यापासनं तुमी मला जे प्रेम दिलं, त्यातनं मी उतराई हुणार न्हाय. रुग्णसेवा हेच माझं व्रत." टाळ्या झाल्या. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी त्यांना खोकल्याचे औषध विचारले. बापूंनी त्यांना आत पाठवले. सत्कारातून उठून डॉक्टरांकडे गेलेला तो पहिला रुग्ण.

आक्काताईंचे ड्रेसिंग त्या दिवशी अकराच्या आत झाले.

बुधवारी तात्यांनी हरकत घेतली. डॉक्टर सगळ्या गावाच्या असताना त्यांचा मान एकाच तालमीने घेणे योग्य नव्हते. नवा आदेश निघाला आणि व्हरांड्यात दुसरी खुर्ची आली. काही दिवसांनी संघटना संपल्या. तेव्हा बापूंनी वरच्या तालमीतर्फे तात्यांचा सत्कार केला. तात्यांनी तो डॉक्टरांच्या वतीने स्वीकारला आणि पुढच्या ओपीडीला परतफेड केली. शेजारच्या गावांतूनही लोक येऊ लागले. रांगा दोन लागत. शाल हातात असलेले डावीकडे, केसपेपर हातात असलेले उजवीकडे. कंपाउंडर फाटकावर उभे राहून माणसे वेगळी करत.

बशीरभाईंनी शिलाई मशीन व्हरांड्याच्या कोपऱ्यात आणले. घरी जाऊन परत येण्यात वेळ जात होता.

हिवाळा संपला तेव्हा मी दवाखान्यात गेलो. व्हरांड्यात कार्यक्रम सुरू होता. आत डॉक्टर एका बाळाची छाती तपासत होत्या आणि त्यांच्या टेबलावर एकही नारळ नव्हता. सत्कारांचा त्रास होतो का, असे मी विचारले. "बाहेर गोंगाट होतो," त्या म्हणाल्या. "कानाला स्टेथोस्कोप लावला की तो ऐकू येत नाही." त्यांची मुदत वाढवून मिळाली होती. ती वाढवावी म्हणून बापू आणि तात्या यांनी संयुक्त निवेदन दिले होते. दोघांनी एकत्र दिलेले ते पहिले निवेदन असल्याने त्यांचा सत्कार झाला.

हा लेख पाठवण्यापूर्वी खातरजमेसाठी आक्काताईंच्या फोनवर फोन केला. बशीरभाईंनी उचलला, ते म्हशींना पाणी द्यायला आले होते. टाके भरून आल्याचे आणि आता महिन्यातून एकदाच साखर तपासायची असल्याचे त्यांनी सांगितले. आक्काताई घरी नव्हत्या. फोन घरी ठेवून दवाखान्यात गेल्या होत्या. चालत गेल्या होत्या आणि सोबत कोणी नव्हते.